सूक्ष्मदर्शकाला कुणाचा विटाळ होतो?



विज्ञानाच्या तासाला जात नसते, असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, प्रॅक्टिकलच्या टेबलाला चिकटून कोण उभा असतो आणि टाचा वर करून मागून कोण बघत असतो?

देवळा तालुका कांद्याचा. पेशीचा धडाही कांद्याचाच. आतला पातळ पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडीन टाकायचं. भिंगाखाली विटांची भिंत रचावी तशा पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक ठिपका, केंद्रक. खर्च दमडीचा. भाव पडला की हा कांदा लोक रस्त्यावर ओततात.

आणि इकडच्या वर्गात बसलेलं असतं कोण? मराठ्याचं, माळ्याचं, बौद्धवाड्यातलं, मांगाचं, भिल्लाचं, कोकण्याचं, मुसलमानाचं पोर. घरात कुणी अहिराणी बोलतं, कुणी भिल्ली. पुस्तक बोलतं 'प्रद्रव्यपटल'. पोर गप्प होतं. गप्प झालं की मास्तर त्याला मठ्ठ ठरवून मोकळा. ज्याची आय दुसऱ्याच्या रानात दिवसभर कांद्याची पात कापते, त्याला पापुद्रा कसा सुटतो ते कुणी शिकवायला पाहिजे काय? त्याला फक्त भिंगापर्यंत पोचू द्यायचं असतं.

माझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. कपाटात. किल्ली सरांच्या खिशात. वर्षातून एकदा निघायचा, पुढच्या बाकांवरून फिरायचा, आमच्यापर्यंत येईस्तोवर घंटा. हात पुढं केला तर, "फोडशील, भरून कोण देणार?" आज गोदीत ह्याच हातांनी आम्ही काचसामानाच्या पेट्या उतरवतो. फुटत नाहीत साल्या.

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना फळ्यावर बोलावलं, तेव्हा फळ्यामागं ठेवलेले डबे उचलायला पोरं धावली होती. आता डबे कुणी उचलत नाही. कपाट बंद ठेवलं की भागतं.

हे फक्त माझं रडगाणं नाही. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं. तिथल्या वि. गो. कुलकर्णी, आगरकर ह्या मंडळींनी महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची पोरं घेतली आणि त्यांना वेगळ्या रीतीनं शिकवलं. पोरं पुढं गेली. अडत होतं ते डोकं नव्हतं. अडत होती पुस्तकाची भाषा आणि प्रश्न विचारायची मोडून टाकलेली सवय. हे सिद्ध होऊन चार दशकं झाली. मग कपाटं अजून बंद का?

रक्तगटाचंच बघा. त्या शोधाबद्दल लँडस्टायनरला नोबेल मिळालं १९३० साली. त्याच साली नाशकात काळारामाच्या दारात आपल्या माणसांवर दगड पडले. आज मास्तर ए, बी, एबी, ओ फळ्यावर लिहितो, रक्तात जात नसते म्हणतो, आणि पुढच्याच तासाला स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी "मागासवर्गीय उभे राहा" म्हणून भर वर्गात ओरडतो. पोरांनी ह्यातलं विज्ञान कोणतं समजायचं?

दहावीला विज्ञानाचे २० मार्क शाळेच्या हातात असतात. प्रयोगवही एकमेकांची बघून भरली की तेही मिळून जातात, म्हणून कुणी बोंब मारत नाही. आपण मारायची. राखीव जागेसाठी मोर्चा काढतो तो काढूच, पण त्या जागेपर्यंत पोचणारं पोर आठवीतच गळतंय.

देवळ्यातल्या आणि आजूबाजूच्या दोस्तांनी आपापल्या शाळेत जावं, हेडमास्तरांना सरळ विचारावं की यंदा कपाट किती वेळा उघडलं. पाळी हजेरीपटाच्या शेवटच्या नावापासून लावा म्हणावं, आणि धडा आधी पोराच्या बोलीत सांगा, 'प्रद्रव्यपटल' मागून येईल. काचपट्ट्यांचा खोका आणि आयोडीन मुंबईहून मी घेऊन येतो. कांदा तिथं आहेच.