टक्के कुणाला सांगता?

दिवाळीत राणीसावरगावला गेलो होतो. रेणुकादेवीचं दर्शन घेतलं आणि येताना मावसभावाच्या ओट्यावर चहाला टेकलो. त्याची जमीन दुसऱ्या तालुक्यात आहे. संगणकावरच्या सातबाऱ्यात त्याच्या वडिलांचं मधलं नाव गळालंय. हे त्याला कळलं कधी? पीककर्जाची फाईल परत आली तेव्हा! कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, "काम जवळजवळ पूर्ण झालंय." भाऊ मला म्हणाला, "दादा, पूर्ण झालं म्हणतेत, मग मव्हंच कामून राह्यलं?"

(कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. मुद्दा एका कार्यालयाचा नाहीच.)

मी पोटापाण्यासाठी नेटवर्कचं काम करतो. त्यामुळे मला तिथेच आठवला इंटरनेटचा सातबारा. हो, इंटरनेटलाही सातबारा असतो! प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता लागतो, आणि कुठले पत्ते कुणाच्या नावावर आहेत याची नोंदवही असते. सुरुवातीच्या काळात जगभरातल्या नोंदी अमेरिकेतच होत. पुढे विभागवार दप्तरं झाली. युरोपचं राइप १९९२ मध्ये, आशिया-पॅसिफिकचं ॲपनिक १९९३ मध्ये, उत्तर अमेरिकेचं ॲरिन १९९७ मध्ये. पण आशिया-युरोपातल्या लोकांच्या जुन्या नोंदी अमेरिकेच्या कपाटातच राहिल्या. म्हणजे शेत आपल्या शिवारात आणि फेरफाराची वही सातासमुद्रापार!

त्या नोंदी आपापल्या विभागात हलवायचं काम २००२-०३ च्या सुमारास सुरू झालं. त्याचं नाव ईआरएक्स. मालकी बदलायची नव्हती, फक्त दप्तर हलवायचं होतं. तरी त्याला वर्षं लागली. आणि मला आवडते ती ते काम सांगण्याची पद्धत. सगळ्या पत्त्यांचे गठ्ठे केले. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ पत्ते. कुठला गठ्ठा कधी हलणार ते आधी जाहीर करायचं, ज्यांच्या नोंदी आहेत त्यांना आधी कळवायचं, दोन वह्यांत तफावत असेल तर ती सोडवायची, मग हलवायचं. सगळं सुरळीत झालं असं नाही. कित्येक जुन्या नोंदींवरचे ईमेल पत्ते कधीच बंद पडले होते, निरोप पोचणार कुणाला? आणि अशा बेवारस दिसणाऱ्या नोंदींवर खोटी कागदपत्रं करून डल्ला मारणारेही निघाले. पण "माझा गठ्ठा हलला का?" या प्रश्नाला उत्तर होतं. "सत्तर टक्के झालं" हे त्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. टक्के हा वरच्या साहेबाला द्यायचा हिशोब आहे. ज्याची नोंद आहे त्याच्यासाठी काम शून्य टक्के तरी झालेलं असतं नाहीतर शंभर टक्के. मधलं काही नसतं. शंभरातले नव्याण्णव सातबारे बिनचूक झाले तर अहवाल झकास दिसतो, पण चुकलेला शंभरावा माणूस कर्जाच्या खिडकीतून परत येतो.

यावर कुणी म्हणेल, अहो, एवढ्या मोठ्या राज्यात एकेका खातेदाराला कोण सांगत बसणार? मी म्हणतो, आपल्याच कायद्याने हे कधीच सांगून ठेवलंय. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १५० आहे. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला मुदत द्यायची, मगच नोंद प्रमाणित करायची. आणि २०१७ मध्ये सरकारनेच गावोगाव चावडी वाचन घेतलं. संगणकावरचा सातबारा मोठ्याने वाचायचा, ज्याचा त्याने ऐकायचा, चूक दिसली की तिथेच सांगायची. इतकी चांगली पद्धत दुसरी नाही! काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, हीसुद्धा लहान गोष्ट नाही. पण चावडी एकदा वाचली आणि संपली. जो त्या दिवशी पुण्या-मुंबईत कामावर होता, त्याने काय ऐकलं?

दुसरा युक्तिवाद असा की चूक झाली तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते की. होते ना. पण लिहिताना चूक कुणाची आणि अर्ज घेऊन हेलपाटे कुणाचे? चुकीचा भार ज्याने केली त्याच्यावर नाही, ज्याची झाली त्याच्यावर!

आम्ही मराठवाड्याची माणसं या बाबतीत जरा हळवी आहोत. आमचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आमचं दप्तर राज्यं बदलताना हललं, भाषा बदलताना हललं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातले कागद पुन्हा उघडले गेले, आणि पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द नातवंडांसाठी केवढा मोठा असतो ते सगळ्यांनी पाहिलं. वहीतून वहीत जाताना एक शब्द गळला तर तीन पिढ्या तो शोधत बसतात.

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे. नोंद हलवण्याआधी ज्याची आहे त्याला सांगा; मोबाईल आता ओट्याओट्यावर आहेत. जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी शेजारी दाखवा. आणि झालेल्यांचे टक्के छापण्याऐवजी राहिलेल्यांची यादी गावात लावा. यादी लावायला लाज वाटत असेल, तर ती लाजच काम पूर्ण करून घेईल.

भावाला एवढं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दादा, उद्या येतोस का संगं हापिसात?"

गेलो. साहेब मीटिंगला गेले होते. प्रगतीचा आढावा होता म्हणे.