ब्रिटिश पासपोर्ट आहे, पण मोफत उपचार नाहीत? युरोपात राहणाऱ्या ब्रिटिशांचा पेच काय आहे?

ब्रिटनची एनएचएस, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. डॉक्टरला दाखवा, ऑपरेशन करून घ्या, बिल येत नाही, ही तिची ओळख. त्यामुळे ब्रिटिश नागरिक कुठेही राहिला तरी ही सोय त्याच्या हक्काचीच, असा अनेकांचा समज असतो. नियम मात्र वेगळा आहे.

पासपोर्ट नाही, वास्तव्य महत्त्वाचं

एनएचएसचा हक्क नागरिकत्वावर ठरत नाही. आजवर किती कर भरला, यावरही नाही. माणूस सध्या ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे स्थायिक आहे का, एवढंच पाहिलं जातं.

म्हणून पुण्याहून लंडनला शिकायला गेलेली विद्यार्थिनी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार भरून एनएचएस वापरू शकते. उलट, ३० वर्षं कर भरून परदेशी स्थायिक झालेला ब्रिटिश माणूस सुट्टीला मायदेशी आला आणि त्याला कोणतीही सवलत लागू नसेल, तर इंग्लंडमधलं हॉस्पिटल त्याच्याकडून ठरलेल्या दराच्या दीडपट रक्कम घेऊ शकतं.

ब्रेक्झिटनं काय बदललं?

युरोपियन युनियनमध्ये असताना ब्रिटिशांना कोणत्याही सदस्य देशात जाऊन राहता येत होतं. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि ही मुभा गेली. त्याआधीपासून तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्यांचे हक्क करारानं शाबूत आहेत. नव्यानं जाणाऱ्यांना व्हिसा लागतो. व्हिसाशिवाय शेंगेन देशांत १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं.

मग उपचार कोणाला मिळतात?

• पेन्शनर: ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना 'एस-१' फॉर्म मिळतो. उपचार राहत्या देशात होतात, खर्च ब्रिटन उचलतं.

• नोकरदार: ज्या देशात काम करतात, तिथल्या व्यवस्थेत वर्गणी भरतात आणि तिथलेच लाभ घेतात.

• लवकर निवृत्त झालेले: खरी अडचण यांची. पेन्शनचं वय होईपर्यंत 'एस-१' नाही. फ्रान्समध्ये तीन महिने स्थिर वास्तव्य झाल्यावर सरकारी आरोग्यव्यवस्थेत अर्ज करता येतो. स्पेनमध्ये एक वर्षाच्या नोंदणीकृत वास्तव्यानंतर 'कॉन्व्हेनियो एस्पेशियल' ही योजना घेता येते. तिचा हप्ता ६५ वर्षांखालच्यांना महिना ६० युरो, त्यापुढे १५७ युरो. तोपर्यंत खासगी विमाच.

भटक्यांचं काय?

घर विकून कॅम्पर व्हॅनमध्ये राहणारे, लॅपटॉपवर काम करत देश बदलणारे लोक या कोणत्याच चौकटीत नीट बसत नाहीत. आज पोर्तुगाल, पुढच्या महिन्यात इटली. मग वास्तव्य कुठलं?

अनेकांची भिस्त जीएचआयसी या मोफत कार्डावर असते. २०२१ पासून दिलं जाणारं हे कार्ड पाच वर्षांपर्यंत चालतं आणि युरोपात गरजेचे सरकारी उपचार मिळवून देतं. पण ते ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांच्या तात्पुरत्या प्रवासासाठी आहे. ब्रिटनमधलं वास्तव्य संपलं की कार्डावरची तारीख शिल्लक असली तरी हक्क उरत नाही. खासगी हॉस्पिटल किंवा रुग्णाला विमानानं मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात नाही. प्रवास विम्यातही ब्रिटनमधल्या वास्तव्याची आणि सलग प्रवासाच्या दिवसांची अट बऱ्याचदा असते.

पाय मोडला तर तातडीचे उपचार होतील, बिल नंतर येईल. पण कॅन्सरसारखा आजार निघाला आणि महिनोन्‌महिने उपचार लागले, तर खर्च कोण करणार? भटक्यांसाठी खरी जोखीम ही आहे.

परत जाता येतं का?

हो. कायमचं राहण्यासाठी ब्रिटनला परतलेल्या नागरिकाला पहिल्या दिवसापासून एनएचएस मिळू शकते. मात्र खरोखर स्थायिक होत असल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. फक्त उपचारापुरतं येऊन परत जाणं यात बसत नाही.

आयुष्यभर कर भरलेल्यांना हा अन्याय वाटतो. पण एनएचएस ही हप्ते भरून घेतलेली विमा पॉलिसी नाही. आजचा कर आजच्या रहिवाशांवर खर्च होतो, हे तिचं तत्त्व. त्यामुळे घराला कुलूप लावून निघण्याआधी एक प्रश्न सोडवावाच लागतो: आजारी पडलो, तर कोणता देश आपल्याला रहिवासी मानेल?