पवळाबाई कोणत्या प्रश्नपत्रिकेत?

मिरजगावच्या जत्रेत तमाशा पाहत वाढलेला विद्यार्थी एम. ए.च्या वर्गात तमाशाचा इतिहास वाचू लागतो, तेव्हा त्याला फड भेटत नाही. शाहिरांची नामावळी भेटते. त्याच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील, संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाईंचे उदाहरण घ्यावे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), ब्राह्मण असून फडात उतरले, हे आपण त्याग म्हणून शिकवतो. महार समाजात जन्मलेल्या पवळाबाई त्या चरित्रात केवळ प्रेयसी म्हणून उरतात. लावणी रचली जाते हे खरे. परंतु ती उभी राहते अदाकारीत, आणि त्या कर्तृत्वाला आपल्या समीक्षेत परिभाषाच नाही. (‘साथ’ हा शब्द फार सोयीचा आहे.) १९४७–४८च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, ती उठल्यावर पुढे संहितेची पूर्वतपासणी आली. शासनालाही कागदच दिसला! जातीचा प्रश्न दलित साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत बंदिस्त करून लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत तमाशाचा ‘रांगडेपणा’ तेवढा शिकवायचा, ही विभागणी मला अप्रामाणिक वाटते. पठ्ठे बापूरावांवरील पुढचा प्रबंध पवळाबाईंपासून सुरू व्हावा, आणि मार्गदर्शकानेही एकदा हिवरगावला जाऊन यावे.