आधी नावं कोरा, मग विमान बसवा

मागच्या आठवड्यात मी लंडनजवळच्या एका स्मारकाचे चार फोटो टाकले. खाली लगेच कमेंट आल्या. "सर, इंग्रजांचं एवढं कौतुक कशाला?" "दीडशे वर्षं ज्यांनी लुटलं त्यांचे दगड बघायला तिकीट काढून गेलात?" एकाने नुसताच हसणारा चेहरा टाकला. सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

पहिली गोष्ट, तिकीट नव्हतं. फुकट आहे.

भाचा स्लाऊला असतो, त्याच्याकडे पंधरा दिवस होतो. राजवाडे, मोठं चाक, संग्रहालय वगैरे झालं आणि एका सकाळी मीच म्हटलं, मला रनीमीडला सोड. टेम्सच्या काठचं हे कुरण, इथेच १२१५ साली राजाने मॅग्ना कार्टावर मोहोर उठवली. वरच्या टेकडीवर वायुदलाचं स्मारक आहे. १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी एलिझाबेथने त्याचं उद्घाटन केलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि उत्तर-पश्चिम युरोपातल्या तळांवरून उडालेले आणि ज्यांची कबर कुठे आहे हेच माहीत नाही असे वायुदलाचे लोक, २०,०००हून अधिक, त्या भिंतींवर आहेत. ब्रिटिश आहेत, कॅनडाचे आहेत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे आहेत. बॉम्बर विमान रात्री समुद्रावर पाडलं गेलं की सातच्या सात जण पाण्यात. कुठली कबर अन् कुठलं काय.

आत गेलात की चौक आहे, भोवती दगडी ओवऱ्या, आणि ओवऱ्यांना अरुंद उंच खिडक्या. त्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंच्या दगडावर वर्षवार नावं. घोषणा नाही, तोफ नाही, जुनं विमान उभं केलेलं नाही. कुठल्या मंत्र्याच्या शुभहस्ते वगैरे डोळ्यांत भरेल असं काही नाही. एका खिडकीत कुणीतरी लहानसा फोटो टेकवून ठेवला होता, विशीतला पोरगा, टोपी जरा तिरकी. बाहेर हीथ्रोची विमानं दिसत राहतात. मी तासभर होतो, तेवढ्यात तीन-चारच माणसं आली असतील. एक म्हातारे गृहस्थ एका नावावर बोट ठेवून उभे होते. मी त्यांना काही विचारलं नाही.

मला एक नाव बघायचं होतं. २४३ क्रमांकाचा फलक. नूर इनायत खान. वडील इनायत खान बडोद्याचे, संगीतकार आणि सूफी. बडोदा म्हणजे आपल्या सयाजीरावांचं बडोदं. नूरचे पणजोबा मौलाबक्ष हे तिथल्या दरबारचे नामांकित गवई. ही मुलगी जन्मली मॉस्कोत, वाढली पॅरिसजवळ. ब्रिटनच्या वायुदलाच्या महिला शाखेत भरती झाली आणि १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये गुप्तपणे वायरलेस चालवायला गेली. पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय ३०. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस. टिपू सुलतानाच्या घराण्यातली असल्याचं सांगतात, म्हणजे आता कमेंटमध्ये दुसरंच रण पेटणार. पेटू दे. तिची कबर कुठेच नाही, म्हणून तर ती या भिंतीवर आहे.

आता कौतुकाचं. तुम्ही म्हणता इंग्रज वाईट. मी पुरावा देतो, तुमच्यापेक्षा जास्त. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पुण्याची सहावी डिव्हिजन गेली, त्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. कुटला उपाशी वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण आल्या. तिकडे मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि आपल्या साध्या शिपायांचे रेजिमेंटवार आकडे लिहिले. आकडे! युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगाला २०२१ मध्ये स्वतःच्याच समितीच्या अहवालानंतर माफी मागावी लागली. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन मिळून ४५ ते ५४ हजार जणांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीने झाली नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांना नावाने, किंवा कुठल्याच प्रकारे, जागा मिळाली नाही असं तो अहवाल सांगतो.

आणि लांब कशाला जाता? आपल्या साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत ती संगमरवरी पाटी आहे. या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांतल्या अमुक जणांनी प्राण दिले. अपशिंगे मिलिटरीचा ४६ हा आकडा तर शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण मला सांगा, त्या ४६ मधली चार नावं तुम्हाला येतात? मलाही येत नाहीत. साहेबाने आपल्या पोरांची नावं कोरली आणि आपल्या पोरांची मोजदाद केली. हा माझा राग आहे, आणि रनीमीडला उभा असताना तो वाढला.

पण मग १५ ऑगस्ट १९४७ नंतर आपण काय केलं?

१९७१. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबरला सुखोई-७ घेऊन शोरकोटवर गेले, परत आले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. १९७९ मध्ये सरकारनेच लोकसभेत पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या ४० जणांची यादी मांडली. पुढे ती ५४ झाली. २००७ मध्ये घरची माणसं स्वतः पाकिस्तानचे तुरुंग फिरून आली, दमयंतीताईही त्यात होत्या. हाती काही लागलं नाही. आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार म्हणतं, नक्की माहीत नाही, मेले असावेत असं आम्ही धरतो.

धरतो! ३६ वर्षांत 'तिकडे आहेत' वरून 'धरतो' पर्यंत. कुठला पक्ष ते विचारू नका, सगळे येऊन गेले. ज्या बाईचं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तिने कपाळाचं काय करायचं हे त्या 'धरतो'वर ठरवायचं का? इंग्रजांनी निदान लिहून तरी दिलं की हा गेला, आम्हाला सापडला नाही, त्याचं नाव इथे आहे, इथे या. आणि शोध त्यावर थांबला नाही. मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतताना पडलेलं एक स्टर्लिंग बॉम्बर डच सरकारने २०२० मध्ये तळ्यातून वर काढलं, आतल्या सात जणांच्या अवशेषांसाठी. त्या सातांची नावंही रनीमीडलाच आहेत.

आपल्याकडे काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. १९६८ मध्ये रोहतांगजवळ हरवलेल्या एएन-१२ मध्ये १०२ जण होते. ५६ वर्षांनी, २०२४ मध्ये, आपल्याच जवानांनी बर्फातून चार देह खाली आणले. २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात २९ जणांसह गेलेल्या एएन-३२चे तुकडे २०२४ मध्ये ३,४०० मीटर खोल सापडले. शोधणारी माणसं आहेत आपल्याकडे, आणि त्यांना सलाम. तोंड बंद असतं ते वरच्या खुर्चीचं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या चौकात निवृत्त लढाऊ विमान बसवायचं चाललंय. रंगीत कारंजं, रात्रीचे दिवे, खाली 'आय लव्ह' वालं लाल बदाम आणि सेल्फी पॉइंट. कोनशिलेवर अकरा नावं येणार असं ऐकतो, सगळी हयात माणसांची. मी विमानाच्या विरोधात नाही. पोरं बघतील, एखाद्याच्या मनात येईलही आपण उडवावं म्हणून. पण मला आधी यादी हवी. १९१४ पासून आजपर्यंत आपल्या गावातून आणि वाड्यांमधून कोण गेलं, कुठे पडलं, कुणाचा देह आला, कुणाची नुसतीच तार आली. ती नावं जात-आडनाव न बघता, हुद्दा न बघता, एका मापाच्या अक्षरात दगडावर आली पाहिजेत. उरलेल्या पैशात विमान बसवा, नाहीतर कारंजं उडवा.

"रेकॉर्डच नाही" हे उत्तर मला तोंडी देऊन झालंय. रेकॉर्ड आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, रेजिमेंटची दप्तरं आहेत, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे घराघरांतल्या ट्रंका आहेत. माझ्या आजीच्या माहेरी एक ब्रिटिश काळातलं पदक होतं, कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं. पोरांनी खेळायला घेतलं आणि हरवलं. त्या माणसाचं नाव आज घरात कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे पदक, पेन्शनचं पुस्तक, तार, जुनं पत्र, फोटो काहीही असेल त्यांनी फोटो काढून मला मेसेज करा. नाव, गाव, पलटण, साल, जेवढं माहीत असेल तेवढं. वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना मेसेज जमणार नाही, त्यांच्याकडे मी येतो, फक्त घर सांगा. पुढच्या सभेच्या आधी यादी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायची आहे. आजपर्यंत सात नावं जमली आहेत. त्यातल्या दोघांपुढे 'कुठे गेला माहीत नाही' एवढंच लिहिलंय.