माणचा दुष्काळ कुणी मोजायचा?

31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साताऱ्यातून यादीत वाई आणि खंडाळा आले. सांगलीतून कडेगाव, खानापूर-विटा, मिरज आणि शिराळा, म्हणजे चांदोली धरण ज्या तालुक्यात आहे तो शिराळा! साताऱ्यातलाच माण तालुका मात्र नव्हता. शेजारचा आटपाडी नव्हता, जतही नव्हता.

यात कुणी लबाडी केली असं मानायचं कारण नाही. 2016च्या दुष्काळ संहितेचे निकष लावले गेले: पावसाची तूट, पावसातला खंड, मग पेरणीचं क्षेत्र, जमिनीतली ओल, उपग्रहाला दिसणारा हिरवेपणा. पण तूट मोजायची ती त्या त्या तालुक्याच्या सरासरीशी. जिथे वर्षाचा पाऊसच जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे सरासरीच दुष्काळी. कायमचा दुष्काळ या हिशेबात 'नेहमीप्रमाणे' ठरतो.

त्याआधीची आणेवारीही काही निर्मळ नव्हती. तलाठी, कोतवाल आणि गावची चार माणसं शेतात जात, चौकोन आखून पीक कापत, मळत, वजन करत. निघालेला आकडा 50 पैशांच्या खाली की वर, यावर गावाचं वर्ष ठरे. पण ही मोजणी मुळात सारा किती माफ करायचा एवढ्यासाठी घडलेली. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्या मजुराच्या चुलीचा तिच्यात रकाना नव्हता.

तो रकाना आणला 1876-78च्या दुष्काळाने. जानेवारी 1877मध्ये दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली आणि मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून बातम्या गोळा करून सरकारपुढे ठेवल्या. सरकारी अहवालाला समांतर असा रयतेचा अहवालच तो. पुढे 1880च्या दुष्काळ आयोगानंतर संहिता झाली, तिच्यात चाचणीची कामं आली. शंका आली की खडी फोडण्याचं काम काढायचं. तुटपुंज्या मजुरीवरही माणसं येऊ लागली की दुष्काळ आहे असं समजायचं. पद्धत कंजूष आणि संशयी होती, यात वाद नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: उपाशी माणूस स्वतः चालत येऊन सांगत होता, आणि तेच कागदावर चढत होतं.

रोजगार हमी योजना घडवणाऱ्या वि. स. पागे यांनी या पद्धतीतला संशय काढून टाकला आणि हक्क घातला. ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. रोजगार हमीचा पहिला प्रयोग तिथेच, 1965च्या सुमारास झाला. 1972च्या दुष्काळाने योजना राज्यभर नेली, 1977मध्ये कायदा झाला. आता दुष्काळ आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर राहिली नाही. त्याने काम मागायचं. पंधरा दिवसांत दिलं नाही तर सरकारने भत्ता द्यायचा. मागणीचा अर्ज हीच माहिती, आणि ती दाबली तर सरकारच्या खिशाला चाट. माझ्या मते महाराष्ट्राने घडवलेल्या यंत्रणांमध्ये याहून शहाणी रचना नाही. मस्टरवरची खोटी नावं, दडवलेले अर्ज, रखडलेली मजुरी हे सगळं मान्य करूनही.

माणमध्ये अशी माहिती आजही ढिगाने पडून असते. म्हसवडला चारा छावणी उघडली की माणसं बायकापोरांसह, दावणीची जनावरं घेऊन येतात आणि महिनोन् महिने तिथेच राहतात. कुणी हौसेने घर सोडत नाही. टँकरच्या खेपांची नोंद पंचायत समितीत असते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं शाळेच्या हजेरीपटावर दिसतात. यातलं काहीच उपग्रहाला दिसत नाही.

2023मध्ये ओरड झाल्यावर नोव्हेंबरात हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करावी लागली. म्हणजे माहिती शेवटी मोर्चा-निवेदनांतूनच आली. त्यापेक्षा संहितेतच दुरुस्ती करावी: कामाची मागणी, टँकरच्या खेपा आणि छावणीतली जनावरं हे तीन आकडे पहिल्या निकषात घ्यावेत. ते गोळा करायला नवं यंत्र लागत नाही. तहसील कचेरीत आणि पंचायत समितीत ते आधीच आहेत.