जाहीर आवाहन : कंपनीची गाडी आणि चालकाची झोप

चाकण, रांजणगाव, तळोजा, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींमध्ये माल आणि पाळीचे कामगार यांची ने-आण करणाऱ्या गाड्या कंपनीच्या मालकीच्या असोत किंवा कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेल्या असोत, त्यांच्या सुरक्षिततेची पहिली जबाबदारी त्यांच्या वेळा, फेऱ्या आणि मोबदला ठरवणाऱ्या आस्थापनेवर येते. महाराष्ट्रात रस्ते अपघातांत दरवर्षी 15 हजारांच्या आसपास माणसे प्राण गमावतात आणि अपघातानंतर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा एकदा पडला की त्या चालकाला ती ड्युटी कोणी आणि किती विश्रांतीनंतर दिली होती, हे विचारायला सहसा कोणी उरत नाही. हा प्रश्न अपघाताच्या आधीच विचारला जावा, यासाठी उद्योजक, वाहतूक कंत्राटदार, कामगार संघटना आणि या गाड्यांतून रोज प्रवास करणारे कर्मचारी यांना हे आवाहन करण्यात येत आहे.

कार्यालयात घेतलेला निर्णय रस्त्यावर कसा उतरतो, हे घाटात स्पष्ट दिसते. खंडाळ्याच्या घाटात किंवा पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर, जिथे नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड गाडीने अनेक वाहनांना धडक दिली होती, अवजड गाड्या न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय जुनी आहे. न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तोडून गाडी उताराच्या ओढीवर सोडणे. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच चाकांना मागे धरते. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबलेले लायनर तापतात, ड्रम प्रसरण पावतो आणि पॅडल पूर्ण दाबूनही पंचवीस टनांची गाडी थांबत नाही. त्यातच इंजिन बंद केले असेल, तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि टाकीत साठलेली हवा प्रत्येक दाबासरशी कमी होत जाते. हे अनुभवी चालकाला ठाऊक असते, तरीही तो हा धोका पत्करतो. कारण फेरीमागे डिझेल मोजून दिले जाते आणि जादा लागलेले डिझेल त्याच्या हिशोबातून वळते केले जाते. अशी पद्धत चालू ठेवून केबिनमध्ये सुरक्षिततेचे फलक लावणे निरुपयोगी आहे. डिझेलची बचत चालकाच्या कमाईशी जोडणारे हिशोब प्रथम बंद व्हावेत.

दुसरा आणि अधिक गंभीर प्रश्न झोपेचा आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग 9 तासांची सुट्टी ही सर्वसाधारण मर्यादा घालून दिली होती. शिवाय दिवसाच्या कामाचा एकूण पसारा, म्हणजे पहिल्यांदा हजर होण्यापासून शेवटी मोकळे होण्यापर्यंतचा काळ, 12 तासांपुढे जाऊ नये असेही म्हटले. नेमका हाच पसारा पाळीच्या बसवर मोडला जातो. पहाटे पाचला पहिल्या पाळीचे कामगार उचलणारा चालक मध्यरात्री दुसऱ्या पाळीच्या कामगारांना घरी सोडतो, तेव्हा स्टिअरिंगवरचे त्याचे तास कागदावर आठच्या आत बसतात आणि झोप मात्र चार तासही होत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत ती 66 मीटर कोणाच्याही ताब्यात नसते. आपल्या स्वतःच्या गाड्यांना कोणता कायदा लागू होतो, याचा कीस न पाडता प्रत्येक कंपनीने ही किमान मर्यादा मानावी, आणि रात्री दोन ते पाच या वेळेत, जेव्हा शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते, लांब पल्ल्याची फेरी शक्यतो ठेवू नये.

गाडीच्या तपासणीबाबत योग्यता प्रमाणपत्रावर विसंबून चालत नाही. परिवहन वाहनाचे हे प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी व पुढे वर्षासाठी मिळते, तर टायर त्यामधल्या काळात केव्हाही गोटा होऊ शकतो. टायरच्या खाचांची किमान खोली 1.6 मिलिमीटर असावी लागते. खाचेच्या तळाशी असलेले लहान उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, की तो टायर बाद समजावा. गाडी निघण्यापूर्वी ब्रेक, हवेचा दाब, दिवे, टायर आणि संकटकालीन दार पाहण्यासाठी चालकाला ड्युटीतलीच दहा मिनिटे मिळावीत, आणि ‘गाडी बाहेर काढण्यास योग्य नाही’ असे त्याने लिहिल्यास त्या दिवसाचा पगार बुडू नये. पगार बुडत असेल, तर तपासणीच्या तक्त्यावर रोज सगळ्या रकान्यांत ‘ठीक’ अशीच खूण दिसेल. संकटकालीन दाराचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. 19 मार्च 2025 रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला. ती आग चालकानेच लावल्याचा पोलिसांचा आरोप आहे, परंतु आगीचे कारण काहीही असो, मागचे दार वेळेत न उघडल्याने मागे बसलेले चौघे बाहेर पडू शकले नाहीत.

गाडीचा ठावठिकाणा आणि वेग नोंदवणारी यंत्रे आता स्वस्त झाली आहेत व ती बसवावीत; मात्र त्यांतील नोंदींवरून केवळ दंड कापला गेल्यास चालक यंत्रच बंद पाडतील.

कर्मचाऱ्यांनी गाडीत बसताना मागचे दार एकदा उघडून पाहावे, चालक पेंगुळलेला वाटल्यास उशीर झाला तरी चालेल असे स्पष्ट सांगून गाडी थांबवून घ्यावी आणि तशी लेखी तक्रार त्याच दिवशी कंपनीकडे द्यावी. ती चालकाविरुद्ध न लिहिता त्याच्या ड्युटीच्या वेळांविरुद्ध लिहावी. खरेदी विभागांना विशेष विनंती अशी की, वाहतुकीचे पुढचे कंत्राट देताना सर्वांत कमी दराच्या निविदेत गाड्या किती आणि चालक किती, हे आधी मोजावे, आणि एकाच चालकाकडून दोन पाळ्या करून घेतल्याशिवाय जो दर परवडू शकत नाही, तो दर स्वीकारू नये.