चाळीस मिनिटे

माझी नात यंदा दहावीत आहे. वर्षाच्या आरंभी तिच्या आठवड्याचे वेळापत्रक मीच आखून दिले. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसास तक्त्यावाचून करमत नाही, हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. आठवड्याचे १६८ तास. त्यांतून झोपेचे ४९, शाळेचे ३६, शिकवणीचे १२, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या ऑनलाइन पायाभूत वर्गाचे ९, घरच्या अभ्यासाचे १४, सकाळचे मंदिर व स्वाध्याय मिळून ७, बुद्धिबळाचे ७, पेटीवादनाचे ३, रविवारी पाठशाळेत लहानग्यांना शिकविण्याचे २, आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात ५, आणि स्नान, भोजन, जाणे-येणे यांचे २१. बेरीज १६५. शिल्लक ३ तास. हा ताळेबंद पाहून मला मोठे समाधान वाटले होते. नातीने तो पाहिला आणि एवढेच म्हणाली, "आजोबा, मोबाइल कुठे लिहिलात?"

त्या तीन तासांतील रविवार दुपारचे ४ ते ४.४० एवढेच एकसलग होते. तेथे मी श्रावणात पेन्सिलीने 'इंग्रजी संभाषण' असे लिहिले. पुढच्या रविवारी पाहतो तो ते खोडलेले. न विचारता, न सांगता. बँकेत माझ्या नोंदीवर कोणी असे खोडरबर चालविले असते, तर मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला असता.

रागाच्या भरात मी तिला बोलावले खरे. पण बोलण्यास आरंभ तिनेच केला. थंडीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि शिकवणी ५ ते ७. रात्रिभोजन तिला वर्ज्य. म्हणून ती डबा बरोबर नेते आणि शिकवणीच्या दाराशी, चपलांच्या शेजारी बसून साडेपाचला जेवते. मैत्रिणी आत गणिते सोडवीत असतात. "मला त्याचं काही वाटत नाही, नियम मीच घेतला आहे," ती म्हणाली, "पण दिवसभरात मी बसून जेवते आणि कोणी काही विचारत नाही, असा तेवढाच वेळ असतो." माझ्या तक्त्यात तो वेळ 'भोजन' या सदरात व्यवस्थित बसला होता. तो चपलांच्या शेजारी जातो, हे तक्त्यास कळणार कोठून?

हल्ली अशा प्रसंगी आपण मुलांपुढे थोरामोठ्यांची उदाहरणे ठेवतो. मीही ठेवले. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचे वय अवघे १९ होते. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीसारख्या अनुभवी खेळाडूस हरविले. विदर्भातल्या किती घरांत त्यानंतर माळ्यावरचे पट खाली आले असतील! नातीने माझे सर्व शांतपणे ऐकले. "आजोबा, मला दिव्या व्हायचं नाही. मला फक्त खेळायचं आहे."

मग मी दुसरे उदाहरण काढले आणि ते माझ्यावरच उलटले. सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी हिने २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे तिरंदाजीचे वरिष्ठ गटातील वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळविले. वय १७. अंतिम लढतीत तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९ विरुद्ध १४७ गुणांनी हरविले. त्याआधी एकाच महिन्यापूर्वी आयर्लंडमध्ये ती १८ वर्षांखालील गटातही जगज्जेती झाली होती. (आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकताच विचारले, "बाण मारते, पण कोणाला?" कागदाच्या चक्राला, असे सांगितल्यावर त्या निश्चिंत झाल्या.) या मुलीचे वडील शाळेत गणिताचे शिक्षक. मुलीने काही खेळावे म्हणून त्यांनी तिला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर नेले. तेथे मुले नाना खेळ खेळत होती. एका कोपऱ्यात काही जण नेम धरीत होते. मुलीचे लक्ष त्या कोपऱ्याकडे गेले. पुढे कुटुंबाने खेड्यातून साताऱ्यास बिऱ्हाड हलविले आणि धनुष्य-बाणांसाठी वडिलांनी कर्ज काढले.

हे मी सांगत होतो तिच्या परिश्रमांचे महत्त्व पटावे म्हणून. नात म्हणाली, "म्हणजे वडिलांनी मैदान दाखवलं आणि खेळ तिने निवडला."

त्या रात्री मला झोप आली नाही, पण कारण वेगळे होते. कर्ज या शब्दाने एक जुनी गोष्ट वर आली. मी एका शाखेत असताना एक गृहस्थ मुलीच्या खेळाच्या साहित्यासाठी कर्ज मागण्यास आले होते. शैक्षणिक कर्जाच्या नियमांत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचे शुल्क बसत होते. खेळास रकाना नव्हता. मी नियम वाचून दाखविला. वैयक्तिक कर्जाचा मार्ग उपलब्ध होता, व्याज अधिक असले तरी. तो मी त्यांना सुचविलाच नाही. खेळासाठी कर्जात पडणे हा मला वेडेपणा वाटला होता. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, नमस्कार केला आणि गेले. ती मुलगी पुढे खेळली की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातीला तक्ता आणि पेन्सिल दिली व म्हटले, तुला काय ठेवायचे ते ठेव. माझा तर्क होता की दुकान प्रथम जाईल. तिने पेटी काढली. मग बराच विचार करून वैद्यकीय परीक्षेचा वर्ग काढला. दुकानाचे ५ तास तसेच राहिले. उलट तेथे तिने सुटीच्या दिवसांची भर घातली.

येथे घरात वादळ उठले. माझ्या चिरंजिवांचे किराण्याचे दुकान अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंवर आणि भोवतालच्या शेतकऱ्यांवर चालते. सोयाबीन बाजारात आले की उधारी वसूल होते, तोवर वहीवर भिस्त. या कष्टांतून मुलगी सुटावी, डॉक्टर व्हावी, हे त्यांचे स्वप्न. "मुलीला गल्ल्यावर बसवण्यासाठी शिकवतोय का मी?" हा त्यांचा प्रश्न. आपल्या व्यापारी घरांत मुलगा गल्ल्यावर बसला तर वारस ठरतो आणि मुलगी बसली तर 'हातभार लावते' असे म्हणतात, हे मी या निमित्ताने प्रथमच मोठ्याने म्हणालो. चिरंजिवांना ते रुचले नाही.

नातीचे म्हणणे साधे होते. मोठे झाल्यासारखे तुला केव्हा वाटेल, असे मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, "गिऱ्हाईक आलं की मी भाव सांगते. ते म्हणतात, पप्पा कुठे आहेत? मग पप्पा येऊन तोच भाव सांगतात आणि ते पैसे देतात. ज्या दिवशी ते पप्पांची वाट बघणार नाहीत, त्या दिवशी." दिवाळीपूर्वी उधारीच्या वहीत दोनदा चढलेली एक रक्कम तिनेच शोधली होती, हे मला तिच्या आईकडून नंतर समजले. ते तिने आपल्या वडिलांस सांगितले, मला नाही. कदाचित मी लगेच तिला वाणिज्य शाखेच्या पुस्तकांची यादी दिली असती म्हणून.

सध्या पेटी बंद आहे. वैद्यकीय वर्गाचे पहिल्या सहामाहीचे शुल्क भरले आहे, दुसरा हप्ता या महिनाअखेर भरावयाचा आहे. चिरंजिवांनी माझे मत विचारले. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे. गेल्या रविवारी चारच्या सुमारास काही कामाने गच्चीवर गेलो, तर नात पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकून झोपली होती. मी आवाज न करता खाली आलो.